घरी जोडलेल्या डिस्टिलेशन सेटअपमधून तेल निघतच नाही, नुसतं वासाचं पाणी येतंय

सुगंधी_पाणी

नमस्कार मंडळी. घरच्या घरी पाल्यापासून सुगंधी तेल काढायचं शिकतोय, सध्या गवती चहा आणि रोझमेरी एवढ्या दोनच वनस्पती घेतल्यात. सेटअप स्वतःच जोडलाय आणि तो चालतो, म्हणजे वाफ होते, थंड होते, बाटलीत पाणी जमतं, पाण्याला वासही येतो. पण तेल म्हणाल तर वर नुसता तवंग दिसतो. बाटली तिरकी करून उजेडात धरली की त्यावर रंग चमकतात आणि बस तेवढंच, उचलायला गेलं तर हाती काहीच लागत नाही.

सेटअप सांगतो. साडेसात लिटरचा ॲल्युमिनियमचा कुकर आहे, शिट्टी काढून तिथे सिलिकॉनची नळी बसवलीय, ती नळी पुढे तांब्याच्या कॉइलला जोडलीय. कॉइलची नळी आतून साधारण 6 मिमी, तिचे वेढे घालून 20 लिटरच्या बादलीत सोडलेत, बादलीत साधं पाणी. कॉइलचं टोक बादलीच्या तळाशी भोक पाडून बाहेर काढलंय आणि ते सरळ बाटलीत बुडतं. कुकरमध्ये अर्ध्यापर्यंत पाणी, त्यातच कापलेला पाला, वरून झाकण लावून गॅस मोठा.

आता अडचणी. पहिला अर्धा तास झकास जातो, मग बादलीतलं पाणी तापायला लागतं आणि थोड्या वेळाने कॉइलच्या टोकातून पाण्याबरोबर वाफही यायला लागते, टोकाला हात लावता येत नाही. दुसरं म्हणजे धार सलग येत नाही, मध्येच थांबते, आत गुडगुड होतं आणि मग एकदम भसकन पाणी बाहेर पडतं. तिसरं, पाण्याला गवती चहाचा वास आहे पण त्याच्या मागून एक करपट, उकडलेल्या पाल्याचा वास येतो तो काही केल्या जात नाही. आणि चौथी गोष्ट तर मला कळलीच नाहीये, गॅस बंद केला की थोड्या वेळाने बाटलीतलं पाणी आपोआप नळीतून उलटं वर चढायला लागतं!

माझा विचार असा चाललाय की भांडं लहान पडतंय, पंधरा-वीस लिटरचं घेतलं आणि पाला जास्त भरला तर तेल दिसेल. घेऊ का मोठं भांडं? की आहे त्यातच काही सुधारणा होईल? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा, अगदी बारीकसारीक सांगितलं तरी चालेल.

जुना_फिटर

मित्रा, तेलाचं नंतर बघू, आधी त्या शिट्टीच्या जागेचं बघ. कुकरच्या शिट्टीखालचं भोक अगदी बारीक असतं, काडी जाईल एवढंच. तू पाला सुट्टा पाण्यात टाकतोयस, पाणी उकळलं की पाला वर येतो, एक पान त्या भोकावर चिकटलं की वाफेची वाट बंद. आणि कुकरचं झाकण हे दाब धरून ठेवण्यासाठीच बनवलेलं असतं, ते सुटणार नाही, दाब चढतच जाणार. सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर आहे ना? कुणी कुणी तो काढून तिथे थर्मामीटर बसवतात, तसलं काही केलं असशील तर आजच परत बसव. सिलिकॉनची नळी गरम झाली की मऊ पडते आणि वाकली की मुडपते, तीही बघ.

डिस्टिलेशनला दाब लागतच नाही. वाफ बाहेरच्या हवेला कायम उघडी राहिली पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम, यात तडजोड नाही. म्हणून माझं सरळ मत आहे की कुकर सोडून दे. स्टीलचं उभं भांडं घे, त्यावर घुमटासारखं दुसरं भांडं किंवा खोल झाकण उपडं ठेव, त्याला वरून रुंद नळी बसव, 15 मिमीची तरी. दोन्ही भांड्यांच्या सांध्याला कणकेचा लेप लाव, घट्ट मळलेली कणीक दाबून फिरवली की गरम झाल्यावर ती वाळून कडक होते आणि वाफ धरते. मोठा फायदा असा की कुठे तुंबलंच तर आधी कणीक फुटते आणि वाफ फुस्सकन बाजूने निघून जाते. झाकणाला वरून दगड, क्लॅम्प असलं काही लावू नकोस, ते सुटायलाच हवं.

आता ते उलटं चढणारं पाणी. गॅस बंद केला की आतली वाफ निवते, वाफेचं पाणी झालं की तिची जागा मोकळी होते म्हणजे आत व्हॅक्यूम तयार होतो, आणि तुझ्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडलेलं असल्याने तेच पाणी आत ओढलं जातं. थंड पाणी गरम भांड्यात गेलं की ते आणखी निवतं आणि ओढ आणखी वाढते. पातळ पत्र्याचा डबा असेल तर तो चेपून आतही बसतो. उपाय अगदी सोपा आहे, टोक पाण्यात बुडवायचं नाही, बाटलीच्या तोंडाच्या वर बोटभर ठेवायचं. हवा आत जाईल, पाणी जाणार नाही.

धातूंबद्दल पण बोलून घेतो. ॲल्युमिनियम या कामाला बरं नाही, पाल्यातल्या आम्लाने त्यावर खड्डे पडतात आणि काळं उतरतं. स्टील, तांबं, काच यांच्यात काम कर. जस्ताचा मुलामा असलेले पाइप अजिबात नकोत. तांब्याला डाख द्यायचा असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाची सोल्डर वायर वापरू नकोस, 60/40 लिहिलेल्या वायरमध्ये 40 टक्के शिसं असतं. पिण्याच्या पाण्याच्या पाइपांना वापरतात ती बिनशिशाची सोल्डर मिळते, ती घे. पितळी जोडांमध्येही बरेचदा थोडं शिसं असतं. आणि काहीही नवीन जोडलं की पहिली फेरी नुसत्या पाण्याची आणि थोड्या व्हिनेगरची करायची, ते पाणी फेकून द्यायचं, फ्लक्स (डाख देताना लावतात ती पेस्ट) आणि मशीनचं ग्रीस सगळं त्यात निघतं.

तांबडी_कॉइल

फिटरदादांनी सुरक्षेचं लिहिलं ते आधी करा, मग माझं वाचा. मी बरीच वर्षं हे करतेय आणि नवीन माणूस पहिला खर्च मोठ्या भांड्यावर करतो हे इतक्यांदा पाहिलंय की कळकळीने सांगते, मोठं भांडं घेऊ नका. तुमची अडचण भांड्यात नाहीच, बादलीत आहे. आत्ता जेवढी वाफ होतेय तेवढीच तुमच्या बादलीला झेपत नाहीये, मोठ्या भांड्याखाली मोठी शेगडी लावली तर तेल सगळं हवेत जाईल, घरभर मस्त वास सुटेल आणि बाटलीत परत तवंगच.

थोडा हिशोब करून बघा म्हणजे पटेल. 1 किलो वाफेचं पाणी होताना 2257 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि ते पाणी पुढे कोमट होईपर्यंत आणखी अडीचशेच्या आसपास, म्हणजे एकूण साधारण अडीच हजार. आता तुमच्या बादलीतलं 20 लिटर पाणी 25 अंशांवरून 50 अंशांवर गेलं तर त्याने किती उष्णता घेतली? 20 गुणिले 25 गुणिले 4.2, म्हणजे 2100. पाऊण लिटर, फार तर 800 मिली पाणी जमेपर्यंत तुमची बादली 50 अंशांवर गेलेली असते आणि तिथून पुढे तिचा उपयोग जवळजवळ संपतो. तुमचा "पहिला अर्धा तास झकास" जातो तो यामुळेच.

बर्फ टाकून बघतात लोक, पण 1 किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूलच घेतो, म्हणजे सव्वाशे-दीडशे मिली पाण्यापुरताच तो पुरतो. सुरुवातीला बरं वाटतं, नंतर किती बर्फ आणणार. त्यापेक्षा पाणी वाहतं ठेवा. बादलीत थंड पाणी तळाशी सोडायचं आणि वरच्या काठाजवळ भोक पाडून गरम पाणी वाहून जाऊ द्यायचं. गरम पाणी आपोआप वर येतं, त्यामुळे खालचा भाग कायम थंड राहतो आणि डिस्टिलेट, म्हणजे वाफ निवून झालेलं पाणी, शेवटी त्याच थंड भागातून बाहेर पडतं. ताशी एक लिटर डिस्टिलेट काढायचं असेल आणि पाणी 25 अंशांनी तापू द्यायचं असेल तर ताशी 24-25 लिटर पाणी फिरलं पाहिजे. वाया घालवू नका, मोठ्या पिंपात साठवून छोट्या पंपाने फिरवा, ते निवेपर्यंत दुसरी फेरी होते. बादलीऐवजी सरळ नळीभोवती दुसरी जाड नळी घालून मधून पाणी फिरवलं तरी चालतं, त्याला लिबिग कंडेन्सर म्हणतात. नाव लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं पडलं कारण त्याने तो सगळीकडे रूढ केला, पण तसला कंडेन्सर 1771 मध्येच वायगेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला होता. तत्त्व तेच, थंड पाणी खालून आत आणि वरून बाहेर.

दुसरी बाजू गॅसची. 1000 वॅटची शेगडी कागदावर ताशी 1.6 लिटर पाण्याची वाफ करते, प्रत्यक्षात बाजूने उष्णता जाते म्हणून एक लिटरच्या आसपास धरा. गॅसची मोठी शेगडी त्याच्या दुप्पट-तिप्पट देते. एकदा उकळी आली की गॅस बारीक करायचा, एवढा की टोकातून थेंबांची जवळजवळ सलग धार येईल आणि टोकाला बोट लावलं तर कोमट लागेल, फार फार तर 35 अंश. थर्मामीटर असेल तर उत्तमच पण बोटानेही कळतं. टोक गरम लागलं की गॅस कमी किंवा पाणी जास्त, दोनच गोष्टी हातात आहेत.

आता गुडगुड. तुमच्या कॉइलमध्ये कुठेतरी वेढा खाली येऊन परत वर चढलाय. तिथे पाणी साचतं, मागून वाफ ढकलते, ढकलता ढकलता दाब वाढला की भसकन बाहेर. कॉइल बाहेर काढा, वरच्या टोकातून थोडं पाणी ओता आणि खालून किती येतं बघा, सगळं न थांबता आलं पाहिजे. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यापेक्षा खालीच हवा. आणि 6 मिमी नळी बारीक पडते, 10 मिमीची घ्या, वाफ मोकळी वाहील. नळी वाकवताना आत बारीक कोरडी वाळू भरून दोन्ही टोकं बंद करायची, मग गोल पाइपावर वेढे घालायचे म्हणजे ती चपटी होत नाही. नंतर वाळू नीट झटकून धुवून काढायची, ओली वाळू आत राहिली तर तापवल्यावर धोका.

सुगंधी_पाणी

ताई, दादा, दोघांचेही मनापासून आभार, इतकं नीट मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. मोठ्या भांड्याचा विचार रद्द. सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवरच आहे, तरी कुकर बाजूलाच ठेवतोय आणि स्टीलच्या भांड्याच्या मागे लागलोय. एकच विचारायचं होतं, तेलं तर 200 अंशांच्या वर उकळतात असं वाचलंय, मग ती 100 अंशांच्या वाफेबरोबर येतात कशी? आणि तो करपट वास पाण्याचा की पाल्याचा?

रसायनवाला

चांगला प्रश्न. गवती चहातलं मुख्य द्रव्य सिट्राल, ते एकटं उकळवलं तर 229 अंशांना उकळतं. पण पाणी आणि तेल एकमेकांत विरघळत नाहीत, त्यामुळे दोघंही आपापला बाष्पदाब, म्हणजे आपल्या वाफेचा दाब, स्वतंत्रपणे देतात आणि दोघांच्या दाबांची बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी झाली की मिश्रण उकळतं. त्यामुळे उकळबिंदू 100 च्या किंचित खालीच राहतो, आणि तेलाचा दाब थोडासाच असला तरी तेवढ्या प्रमाणात ते वाफेबरोबर निघून येतं. म्हणून तर जास्त आच देऊन जास्त तेल येत नाही, तापमान तिथेच अडकलेलं असतं, फक्त वाफ वाढते.

करपट वासाचं कारण असं की तुमचा पाला पाण्यातच आहे आणि भांड्याच्या तळाला टेकतोय, तळ 100 च्या वर तापतो, तिथे पानं बुडाला लागतात. पाला पाण्याच्या वर ठेवा. आत तीन पायांची जाळी किंवा मोदकपात्रात असते तशी भोकांची चाळणी बसवा, पाण्याची पातळी जाळीच्या चार बोटं खाली, म्हणजे उकळताना उडणारं पाणी पाल्याला लागणार नाही. पाणी पुरेसं भरा, दोन लिटर काढायचं असेल तर साडेतीन-चार लिटर भरा, भांडं कोरडं पडलं तर सगळा माल वाया.

अजून एक फरक लक्षात ठेवा. करपलेला वास कायम राहतो. पण ताज्या डिस्टिलेटला एक वेगळा, वाळल्या गवतासारखा उकडलेला वास असतो, तो नीट चाललेल्या फेरीतही येतो आणि बाटली सैल झाकून ठेवली की काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत निघून जातो. तेव्हा लगेच फेकू नका, थांबून परत हुंगा.

तेल किती मिळेल याचीही कल्पना असू द्या नाहीतर निराश व्हाल. ताज्या गवती चहात वजनाच्या साधारण 0.2 ते 0.5 टक्के तेल असतं, म्हणजे अर्धा किलो पाल्यात फार तर एक ते अडीच ग्रॅम, त्यातलंही सगळं हाती येत नाही. गुलाबाचं तर विचारूच नका, 1 किलो तेलाला 3 ते 5 टन फुलं लागतात. घरी गुलाबाचं तेल काढायच्या मागे लागू नका, पाणी काढा.

गंधवेडी

मी पाला भरण्यावर लिहिते कारण निम्मं तेल इथे जातं आणि याबद्दल कुणी बोलत नाही. वाफ आळशी असते, जिकडे वाट मोकळी तिकडनंच जाते. पाला एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला दाबून भरला की वाफ सैल बाजूने भोक पाडून वर निघून जाते आणि बाकीचा पाला तसाच. हे तपासायचं कसं तर फेरी संपल्यावर भांडं निवलं की पाला थराथराने उचलून बघा. वाफ जिथे गेलीय तिथला पाला मऊ, तपकिरी, चोळला तर वास नाही. मध्येच हिरवी, ताठ पानं सापडली आणि चोळल्यावर घमघमाट सुटला तर तेवढं तेल आत राहिलं समजायचं. हे बघितल्याशिवाय मी कधीच पाला फेकत नाही.

गवती चहा कापून काही तास सावलीत सुकू द्यायचा, पाणी कमी होतं आणि भांड्यात जास्त मावतो, मग दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे. फार बारीक करू नका, लगदा झाला की वाफ त्यातून जातच नाही. भरताना थोडा थोडा टाकून हाताने सगळीकडे सारखा दाबायचा, कडेला जास्त लक्ष द्यायचं कारण वाफ भांड्याच्या भिंतीला लागून पळते. रोझमेरीची पानं काड्यांवरून ओरबाडून घ्या, जाड काड्यांमध्ये तेल फारसं नसतं, नुसती जागा खातात. बिया, लवंग असलं काही घेतलंत तर आयत्या वेळी जाडसर कुटून घ्यायचं, आधी कुटून ठेवलं तर वास उडतो.

गुलाबाला मात्र हे लागू नाही. पाकळ्या जाळीवर ठेवल्या की वाफेने त्यांचा गोळा होतो, वाफ बाजूने निघून जाते. त्या पाण्यातच मोकळ्या पोहायला हव्यात, पाणी भरपूर, आच अगदी मंद. फुलं पहाटे तोडलेली आणि लगेच भांड्यात. गुलाबाच्या वासातला मोठा भाग फिनाइल इथाइल अल्कोहोल असतो, तो पाण्यात विरघळून राहतो म्हणून वर तेल दिसत नाही पण पाण्याला सुंदर वास येतो. आणि हो, गुलाबाचं तेल 20 अंशांच्या आसपास गोठायला लागतं, तेव्हा त्याला कंडेन्सर बर्फगार करू नका.

वेळेचं म्हणाल तर घड्याळ लावून बंद करू नका. बाटली बदलत राहा, दर वीस मिनिटांनी नवीन, आणि प्रत्येकीचा वास घ्या, तवंग बघा. पानांचं बहुतेक तेल पहिल्या तासा-दीड तासात येऊन जातं, पुढे नुसतं पाणी. मुळं आणि लाकूड असेल तर गोष्टच वेगळी, वाळ्याला मोठ्या भट्ट्यांवरही दिवस-दिवस लागतो.

नवा_भिडू

मस्त धागा. एक विचारू का, हाच सेटअप वापरून दारू काढता येईल ना? तत्त्व एकच आहे म्हणून विचारतोय.

जुना_फिटर

तत्त्व एक असलं तरी काम एक नाही. बहुतेक देशांत परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे, अगदी स्वतःपुरती काढली तरी. न्यूझीलंडने 1996 मध्ये स्वतःच्या वापरापुरती सूट दिली, असे देश मोजकेच. आणि इथे आपण उघड्या गॅसवर कणकेचा सांधा लावून काम करतोय, पाण्याची वाफ गळली तर भाजेल, अल्कोहोलची वाफ गळली तर खोली पेट घेईल. हा सेटअप त्यासाठी नाही, धागाही नाही, तो विषय इथे नको.

बरं निघालंच आहे तर सांगतो, सुगंधी तेलंही पेट घेतात. बाटली शेगडीपासून लांब, मध्ये आडोसा, खिडकी उघडी. आणि फेरी चालू असताना जागेवरून उठायचं नाही.

सुगंधी_पाणी

मंडळी, सांगितलंत त्यातलं जवळजवळ सगळं केलं, म्हणून मुद्दाम कळवायला आलोय!

स्टीलचं उभं भांडं, वर उपडं पातेलं, त्याला 15 मिमीचा स्टीलचा पाइप, सांध्याला कणीक. आत चाळणी, पाणी तिच्या खाली. कॉइल 10 मिमीची नवीन केली, वाळू भरूनच वाकवली, ओतलेलं पाणी सगळं न अडता खाली येतं. बादलीऐवजी उंच पिंप घेतलंय, छोट्या पंपाने पाणी तळाशी जातं, वरून परत दुसऱ्या टाकीत. टोक बाटलीच्या वर बोटभर. पाला हाताने दाबून सारखा भरला, कडेने जास्त. उकळी आल्यावर गॅस इतका बारीक केला की आधी वाटलं बंदच झालाय, पण धार सुरू झाली ती शेवटपर्यंत तुटली नाही, गुडगुड नाही, भसका नाही, टोक हाताला कोमट.

आणि बाटलीच्या गळ्याशी पिवळसर कडं जमलंय! तवंग नाही, सरळ थर आहे, पेन्सिलीच्या जाडीएवढा, वरून बघितलं तर रंग कळतो. पाणी खाली धुरकट दुधाळ दिसतंय. करपट वास अजिबात नाही, थोडा गवताचा आहे तो थांबून बघणार. फेरीनंतर पाला उलगडून बघितला, मध्यभागी छान तपकिरी झालाय पण एका कडेला हिरवा पट्टा राहिलाय, चोळला तर चांगलाच वास आला, म्हणजे अजून तेल आतच होतं.

आता हा थर उचलायचा कसा? ड्रॉपर घातला की अर्धं पाणीच येतं. आणि पाणी दुधाळ का?

तांबडी_कॉइल

वा! फोटो टाकायला हवा होता. दुधाळ दिसतंय ते तेलाचे बारीक थेंब अजून पाण्यात लटकलेत म्हणून. घाई करू नका, बाटली झाकून रात्रभर थंड जागी ठेवा, बरंचसं आपोआप वर येईल.

पुढच्या वेळी साध्या बाटलीऐवजी फ्लोरेंटाइन पद्धतीचं भांडं करा, घरी जमतं. उंच अरुंद काचेचं भांडं घ्यायचं, तळाजवळून एक नळी काढून बाहेरून वर न्यायची आणि तोंडाच्या थोडं खाली वाकवायची. डिस्टिलेट वरून पडतं, तेल वर तरंगत राहतं आणि जादा पाणी तळाच्या नळीतून आपोआप बाहेर वाहतं, त्यामुळे सगळ्या फेरीचं तेल एकाच अरुंद गळ्यात साठतं, थर जाड होतो आणि उचलायला सोपा जातो. गळा जेवढा अरुंद तेवढं बरं. फक्त लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं, ते खाली बसतं, त्याला हे उलटं पडेल.

वेगळं करायला सेपरेटिंग फनेल, म्हणजे खाली तोटी असलेलं काचेचं नरसाळं, सगळ्यात चांगलं, खालची तोटी फिरवून पाणी सोडायचं आणि थर तोटीशी आला की बंद. ते नसेल तर जाड काचेची सिरिंज सुईशिवाय घ्या, टोक बाटलीच्या भिंतीला लावून थराच्या बरोबर मधे धरा आणि अगदी हळू ओढा. शेवटचं जे पाणी-तेल मिसळलेलं उरतं त्यात चिमूटभर मीठ घातलं की तेल सुटतं, पण ते पाणी मग वापरायचं नाही, म्हणून मीठ फक्त त्या उरलेल्या घोटभरात.

तेल गडद काचेच्या छोट्या बाटलीत, काठोकाठ भरून, थंड जागी. प्लास्टिकच्या बाटलीत नको, तेल प्लास्टिक खातं. सिट्रालने काहींच्या त्वचेला ॲलर्जी येते, तेव्हा थेट अंगाला लावू नका आणि पोटात तर नाहीच. पाणी उकळून घेतलेल्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, त्यात जंतू वाढतात, गढूळ झालं किंवा धागे दिसले की टाकून द्या.

गंधवेडी

तो हिरवा पट्टा कुठल्या बाजूला होता बघा, बहुतेक चाळणी तिरकी बसलीय किंवा भांडं शेगडीवर एका बाजूला झुकलंय. पुढच्या फेरीला वाटीभर पाणी रिकाम्या भांड्यात ओतून ते तळाला सगळीकडे सारखं पसरतंय का ते आधी बघा, मगच पाला भरा.